३०० चिप्सचा पोकर सेट: चौघांचा डाव आणि कोकणातली हवा

ॲल्युमिनियमच्या पेटीतला ३०० चिप्सचा सेट ऑनलाइन मागवला की कुडाळ-कणकवलीतही घरपोच येतो. पेटीवरचं नाव बदलतं, आतला माल बहुतेक तोच. १०० पांढऱ्या चिप्स, लाल, हिरव्या, निळ्या आणि काळ्या ५०-५०, कागदी पत्त्यांचे दोन कॅट, एक डीलर बटण (पत्ते वाटणारा कोण ते दाखवणारी चकती) आणि पाच फासे. फाशांचा पोकरशी काही संबंध नाही, ते मुलांना देऊन टाकावेत. बाकीचं थोडक्यात सांगायचं तर चिप्स चांगल्या, पत्ते टाकाऊ, पेटी पहिल्या पावसापर्यंत.

नऊ जण खेळतील असं पेटीवर लिहिलेलं असतं. गणपतीत चाकरमानी घरी असतात तेव्हा जागरणाला नऊ काय, पंधराही बसतील. पण विसर्जन झालं, कोकण रेल्वे भरून गेली की उरतात तीन-चार माणसं. या सेटची खरी परीक्षा तिथे होते, कारण चौघांतलं पोकर (इथे टेक्सस होल्डम, प्रत्येकाला दोन-दोन पत्ते) हा नऊ जणांच्या पोकरपेक्षा वेगळाच खेळ आहे.

ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीची सक्तीची भरणी: बटणाच्या डावीकडच्याची लहान (स्मॉल), त्याच्या पुढच्याची मोठी (बिग). ती २५/५० धरा. प्रत्येक फेरीत एका माणसाचे ७५ जातात. नऊ जणांत हा खर्च डावामागे सरासरी ८ पडतो, चौघांत जवळपास १९. एक्के, राजे किंवा राण्यांची जोडी सरासरी ७४ डावांत एकदा येते. तिची वाट बघत बसलं तर तेवढ्या डावांत नुसत्या ब्लाइंडमध्येच १४०० च्या आसपास निघून जातात, म्हणजे ५००० च्या सुरुवातीतला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग. शांत बसणारा चौघांत हळूहळू झिजतो. म्हणून इथे रेझ (लावलेलं वाढवणं) जास्त, कॉल (समोरच्याइतकंच भरणं) कमी. आणि रेझ जास्त म्हणजे चिप्सची उलाढाल जास्त, सुटे जास्त, पत्ते पिसणंही जास्त. सेट या कामाला पुरतो का, हा प्रश्न आहे.

चिप्सपासून सुरुवात करू. यांचं वजन ११.५ ग्रॅम असतं, प्लास्टिकच्या आत धातूची चकती. माल आल्याबरोबर दहा चिप्स स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, ११५ ग्रॅमच्या आसपास भरल्या पाहिजेत. ४०-५० भरल्या तर तो नुसत्या प्लास्टिकचा हलका माल आहे, परत पाठवा. हलक्या चिप्सची चवड पंख्याखालीसुद्धा नीट उभी राहत नाही, आणि चार जणांच्या डावात समोरच्याची चवड नजरेने मोजता आली नाही तर अर्धा खेळ आंधळा होतो. आकडा कडेला किंवा मध्ये कोरलेला असेल तर उत्तम. स्टिकर असेल तर टाळा: दमट हवेत त्याची कड आधी सुटते, मग बोटांना चिकटते, आणि मोसमाअखेर अर्ध्या चिप्स बोडक्या.

वाटणी अशी करा. पांढरी २५, लाल १००, हिरवी ५००, काळी १०००. निळ्या पेटीतच ठेवा, कारण ट्यूबलाइटखाली हिरवी-निळी एकमेकींत मिसळतात आणि पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) मोजताना घोळ होतो. प्रत्येकाला १२ पांढऱ्या, १२ लाल, ५ हिरव्या, १ काळी, एकूण ५०००. चौघांत लाल ४८ जातात, दोनच उरतात, इतकं ते काटोकाट आहे. पाच-सहा जण असतील तर १२ पांढऱ्या, ७ लाल, ६ हिरव्या आणि १ काळी द्या. बेरीज तीच, लाल पुरतात. ब्लाइंड दर वीस मिनिटांनी २५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००, २००/४००, ३००/६००. मधला १५०/३०० मुद्दाम वगळला आहे, कारण १००/२०० ला पांढऱ्या गोळा करायच्या असतात आणि त्यानंतर १५० चे सुटे होत नाहीत. चौघांच्या ४८ पांढऱ्यांचे १२०० होतात. त्याबदल्यात दोन हिरव्या आणि पेटीत उरलेल्या त्या दोन लाल. सेट इथे जेमतेम पुरतो, पण पुरतो.

आता रेझ. बटणावरून पहिला रेझ बिग ब्लाइंडच्या अडीच पटीचा, म्हणजे १२५: एक लाल, एक पांढरी, एकाच हालचालीत पुढे. ७५ जिंकण्यासाठी १२५ लावले, म्हणजे शंभरातल्या साडेबासष्ट वेळा दोघांनी टाकलं तरी पुढचे पत्ते न बघता बरोबरी होते. एवढ्या वेळा टाकत नाहीत, हे खरं. उरलेलं काम फ्लॉपनंतर, म्हणजे सगळ्यांसाठी मध्ये पहिले तीन पत्ते उघडल्यावर करायचं असतं. बटणावरून कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, दुसरा पत्ता त्याच रंगाचा असलेला कुठलाही राजा, दश्शी आणि त्यावरचे दोन पत्ते, एकाच रंगाचे लागून आलेले सहा-पाचपर्यंतचे, एवढं सगळं उघडायला (पहिला रेझ करायला) हरकत नाही, साधारण शंभरात तिसेक हात. बटणाच्या उजवीकडच्याने मात्र हात पंचवीस टक्क्यांच्या आसपास ठेवावा, मागे तिघं बाकी आहेत. स्मॉल ब्लाइंडने नुसता कॉल करून आत शिरायची सवय सोडावी. उघडायचं असेल तर १५०, नाहीतर टाकायचं. पुढचा सगळा डाव त्याला आधी बोलायचं असतं, म्हणून त्याचं उघडणं थोडं जड. समोरच्याच्या १२५ वर परत रेझ करायचा असेल तर मागून बोलणाऱ्याने ३७५, आधी बोलणाऱ्याने ५००.

बिग ब्लाइंडवाल्यांची रड ठरलेली: ‘दर वेळी टाकायचं का?’ नाही. स्मॉल ब्लाइंडने टाकलं असेल तर १२५ च्या रेझवर त्याला फक्त ७५ घालायचे असतात, समोर २०० पडलेले असतात. २७ टक्क्यांच्या वर जिंकायची आशा असेल तरी पुरे. बटणावरून तीस टक्के हात उघडणाऱ्यासमोर दर वेळी पत्ते टाकणं म्हणजे त्याला भाडं देणं.

एक डाव जवळून बघू. बटणावर इस्पिक दश्शी-नव्वी, १२५. बिग ब्लाइंडचा कॉल, पॉट २७५. फ्लॉपवर बदाम राजा, किलवर सत्ती, चौकट दुर्री. हातात काहीच नाही. तरी इथे १०० लावायचे, एक लाल. जोडी नसलेल्या हाताला फ्लॉपवर काहीतरी लागण्याची शक्यता साधारण तिनात एक, म्हणजे समोरचाही बहुतेक कोराच असतो. आणि १०० लावून २७५ घ्यायचे तर चारात एकदाहून थोडं जास्त जमलं की भागतं. कॉल आला तर पॉट ४७५. पुढचा पत्ता एक्का पडला तर ३०० लावा, तीन लाल. एक्का बटणवाल्याच्या हातात असण्याची शक्यता बिग ब्लाइंडपेक्षा जास्त, हे त्यालाही माहीत असतं. दुसरी दुर्री पडली तर हात आवरा. आणि फ्लॉपच जर आठ-सहा-पाच असा लागून आला असता तर पहिल्यापासूनच सबुरी: तो बिग ब्लाइंडच्या हाताशी जास्त जुळतो. आक्रमक म्हणजे दर डावाला ढकलाढकली नव्हे. दोघांनी कॉल केला असेल तर हवेतलं लावणं सोडूनच द्यावं.

तीन पत्तीची सवय असलेल्यांना हा सगळा जोर लवकर कळतो, कारण तिथेही न बघता खेळणारा बघणाऱ्याला दुप्पट भरायला लावतो. फक्त ‘ब्लाइंड’ या शब्दावर गाडी अडते. तिथे ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता लावणं, इथे सक्तीची भरणी. ‘चाल’ म्हणत दोन-दोन चिप्स टाकत जायचीही सवय असते, ती पहिल्याच डावात मोडा. रेझ तोंडाने सांगायचा किंवा सगळ्या चिप्स एकाच वेळी ठेवायच्या. आधी कॉलपुरत्या ठेवून समोरच्याचा चेहरा बघत आणखी सरकवल्या तर त्या धरायच्या नाहीत. चिप्स पॉटमध्ये भिरकावायच्या नाहीत, आपल्यासमोर रचायच्या. जड चिप्सचा इथे फायदा होतो, चवड कोसळत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आहे, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळणंही बंद झालं. पैशाने खेळायचं तर पणजीत मांडवीतल्या कॅसिनोत जावं. घरी चिप्सच्या मागे पैसा नको. पण चिप्स फुकट असल्या की कोणी पत्ते टाकत नाही, आणि कोणी टाकत नसेल तर दश्शी-नव्वीचा वरचा सगळा हिशेब पाण्यात. त्यावर उतारा म्हणजे चिप्स दुर्मीळ करणं. एका माणसाला रात्रीत एकदाच नव्या चिप्स: ६ हिरव्या, २ काळ्या. चौघांनी घेतल्या तरी २४ हिरव्या जातात, पेटीत ३० असतात. दुसऱ्यांदा संपल्या की तो उठला, आणि चहा, भांडी आणि सकाळची सुरमई साफ करणं त्याच्याकडे. एवढं ठरलं की तिसऱ्या डावापासूनच पत्ते पडायला लागतात. तरीही कॉलच करत राहणारा एकजण असतोच. त्याच्यासमोर बनवाबनवी करू नका. हात लागला असेल तेव्हा दोन तृतीयांश पॉट लावा, तो भरतो.

आता पत्ते. सेटमधले दोन्ही कॅट कागदी, वरून पातळ थर. जूनमध्ये हवेतलं पाणी पिऊन ते फुगतात, एकमेकांना चिकटतात, आणि वाटताना एकाऐवजी दोन सरकतात. फणसाचे गरे खाल्लेल्या किंवा भज्यांच्या तेलाच्या हातांनी ही गत आठवड्यात होते. चौघांत त्याच रात्रीत कितीतरी जास्त डाव होतात, म्हणून कॅट लवकर मरतो. आणि नुसता जुना झाला तर चालतं, पण इस्पिकच्या एक्क्याचा कोपरा दुमडला की तो चौघांनाही पाठीवरून ओळखू येतो. मग डाव संपलाच म्हणा. चिकटलेला कॅट नीट पिसलाही जात नाही. दोन भाग करून कडा एकात एक घालत निदान सात वेळा पिसावा लागतो, तेव्हा कुठे मागच्या डावाचा माग पुसला जातो. फुगलेल्या पत्त्यांत तीन-तीनचे गठ्ठे तसेच राहतात.

सावंतवाडीच्या गंजिफा बनवणाऱ्यांना हे फार आधी कळलं होतं. दशावतारी गंजिफाचे गोल १२० पत्ते लाखेचा हात दिलेले असतात. आजच्या कागदी कॅटला तेवढंही संरक्षण नाही. म्हणून सेट घेतल्यावर पहिला खर्च पूर्ण प्लास्टिकच्या पत्त्यांवर करा. कोपॅग किंवा केम, कुठलेही. दोन रंगांच्या पाठीचे दोन कॅट घ्या, एक वाटला जात असताना दुसरा डीलरसमोरचा माणूस पिसून ठेवतो, चौघांत याने वेळ खूप वाचतो. कोपऱ्यातले आकडे नेहमीच्या आकाराचे घ्यावेत. मोठ्या आकड्यांचे पत्ते आजोबांना बरे पडतात, पण चौघं गुडघ्याला गुडघा लावून बसले की उचलून बघताना शेजाऱ्यालाही दिसतात. कोकम सरबत सांडलं तर ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करा. उन्हात वाळवायला घालू नका, वाकतात.

चिप्सही धुता येतात: कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, लगेच पंख्याखाली. भिजत ठेवू नका, फटीतून पाणी आत गेलं तर धातूपर्यंत पोचतं. आणि खाली जाड सतरंजी हवीच. कोब्यावर किंवा लादीवर चिप्सच्या कडा फुटतात, पत्ते उचलता येत नाहीत.

बटणाबद्दल एक तक्रार. ते पांढरं आहे आणि पांढऱ्या चिप्सही १००. चवडींमध्ये ते हरवतं, कोणीतरी त्याला २५ समजून उचलतं, आणि मग पुढचा डाव कोणाचा यावर वाद. चौघांत बटण हीच सगळ्यात मोलाची जागा, ती अशी हरवणं परवडत नाही. पाठीवर लाल नेलपॉलिश लावा किंवा निळ्या चिप्समधली एक बटण म्हणून वापरा, तेवढाच त्यांचा उपयोग. तिघं उरले की पत्ते वाटल्यावर बटणवालाच आधी बोलतो. दोघं उरले की बटणवाला स्मॉल ब्लाइंड भरतो, पत्ते वाटल्यावर आधी बोलतो आणि फ्लॉपनंतर शेवटी. हे उलटं खेळलं जातं, आणि सेटबरोबरच्या कागदावर यातलं एक अक्षर नाही. २००/४०० ला ५००० म्हणजे साडेबाराच बिग ब्लाइंड. तिथून खाली घसरलं की अडीच पटीचा खेळ सोडा, सगळं लावा किंवा टाका.

पेटी दिसायला झकास, पण खिट्ट्या आणि बिजागऱ्या लोखंडी. देवगड-मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात एका मोसमात तांबूस होतात, आतल्या काळ्या मखमलीवर श्रावणात बुरशी धरते आणि तिचा वास चिप्सना लागतो. साडेतीन किलो चिप्सनी भरलेली पेटी कडीला धरून उचलली तर कडीचे स्क्रू ढिले होतात, खालून धरून न्यावी. पावसाळ्यात चिप्स फरसाणाच्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या चार पुड्यांसह. पत्ते त्यात टाकू नका, वेगळ्या छोट्या डब्यात उभे ठेवा. रिकामी पेटी माळ्यावर गेली तरी चालेल.