पोर्तुगालचे कर्ज: कपातीचा मार्ग आणि कॉश्ता यांचा मार्ग

जानेवारी 2017 मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान आंतोनियो कॉश्ता मडगावातील आपल्या वडिलोपार्जित घरी आले, तेव्हा गोव्यात चर्चा रंगली ती ‘आपल्या बाबुश’ची (हे कॉश्ता यांचे घरगुती नाव), त्यांच्या अर्थकारणाकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही.

2011 मध्ये युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 78 अब्ज युरोंचे साहाय्य घेताना पोर्तुगालने काटकसरीच्या अटी मान्य केल्या होत्या. तेव्हाचे पंतप्रधान पासुश कुएल्यू यांच्या सरकारने सरकारी नोकर व निवृत्तिवेतनधारकांना सुट्टीच्या आणि नाताळच्या वेळी मिळणारे जादा वेतन 2012 मध्ये कापले, सरकारी नोकरांचा कामाचा आठवडा 35 वरून 40 तासांचा केला आणि चार सार्वजनिक सुट्ट्याही रद्द केल्या. नाताळच्या तोंडावर हाती येणारी रक्कमच गेल्यावर घरचे काय होते, हे गोव्यात वेगळे सांगायला नको. 2013 च्या आरंभी बेकारी 17 टक्क्यांवर गेली. तूट घटली, पण कर्जाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण वाढतच राहिले, कारण मुळात उत्पन्नच आक्रसले होते.

नोव्हेंबर 2015 मध्ये डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर आलेल्या कॉश्ता यांनी 35 तास व सुट्ट्या परत दिल्या, किमान वेतन वाढवले, आणि 2019 मध्ये अंदाजपत्रकात शिल्लकही दाखवली. पण अर्थमंत्री सेंतेनु यांनी मंजूर खर्च अडवून ठेवला आणि सार्वजनिक गुंतवणूक रोडावली, म्हणजे कात्री खिशाऐवजी रुग्णालये व रेल्वे यांच्यावर चालली. पर्यटनाची तेजी आणि स्वस्त व्याजही त्यांच्या मदतीला होते. तरीही मला या दोहोंपैकी कॉश्ता यांचा मार्ग अधिक माणुसकीचा वाटतो.