मल्टी-टूलचा गंज: मशीनचं तेल की लिक्विड पॅराफिन?

रोज खिशात असणाऱ्या मल्टी-टूलवर, म्हणजे पकड, पातं वगैरे एकत्र असलेल्या घडीच्या हत्यारावर, गंजाचा पहिला ठिपका बहुधा पकडीच्या सांध्यात दिसतो. स्टेनलेस पोलाद तगतं ते क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरावर. घामातलं मीठ तो थर फोडतं, आणि सांध्याच्या फटीत हवा नीट पोचत नाही म्हणून तो पुन्हा धरत नाही. माझं काम रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींच्या वायरिंगचं, त्यामुळे घामाच्या जोडीला खारा वाराही आलाच. लेदरमन वेव्ह या मल्टी-टूलच्या पात्याचं ४२०एचसी पोलाद चांगलं आहे, पण इथे तेही तेलाशिवाय टिकत नाही.

खोबरेल सगळेच सुचवतात. २४ अंशांच्या खाली ते थिजतं आणि पुढे खवट होतं, म्हणून ते मी बाजूला ठेवलं. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली पाणी हटवण्यासाठीच बनवलेलं. टूल चिंब भिजलं तर ते जरूर मारावं. पण त्यातलं द्रावक उडून गेल्यावर जो थर उरतो तो पावसाळ्याला पुरत नाही, निदान माझ्या खिशात तरी.

राहिली दोन: शिलाई मशीनचं तेल आणि औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन.

सांध्यात शिरण्यात मशीनचं तेल सरस आहे, यात वाद नाही. पातळ असल्यामुळे एका थेंबात पकड मोकळी होते, आणि खिशातला कचराही त्याला कमी चिकटतो. पॅराफिन त्यामानाने जाड. ते जास्त लावलं तर सांध्याभोवती कापडाच्या धाग्यांची काळपट रेघ जमते, ती दात घासायच्या जुन्या ब्रशने काढावी लागते. इथवर पारडं मशीनच्या तेलाकडेच झुकतं.

माझं मत फिरलं ते पेरूमुळे. दुपारी जेवणानंतर आम्ही पेरू कापतो, वर तिखट-मीठ. मशीनचं तेल लावलं होतं सांध्यात, पण टूल मिटलेलं असताना ते हळूहळू पात्यावर उतरतं. पेरूच्या पहिल्या फोडीवर तेलाचा तवंग चमकायचा आणि जिभेवर मशीनचा वास राहायचा. म्हणून पातं कोरडं पुसून ठेवायला लागलो, तर पातं उघडताना नख अडकवायच्या खाचेत तांबूस ठिपके उठले. पॅराफिनला वास नाही, चव नाही, आणि ते पोटात घ्यायचंच औषध असल्यामुळे पातंही निर्धास्त माखून ठेवता येतं. तेव्हापासून पात्यावर नवा ठिपका उठलेला नाही. त्यात तेलाचा वाटा किती आणि रोज पुसण्याचा किती, हे मात्र छातीठोकपणे सांगवत नाही.

कोणतंही तेल घ्या, आधी टूल गोड्या पाण्यात उघड-मीट करून धुवा आणि पूर्ण वाळवा. आत मीठ राहिलं तर वरचं तेल फुकट. ओलं टूल चामड्याच्या म्यानात रात्रभर अजिबात ठेवू नका.

ज्यांचं टूल फक्त वायर आणि स्क्रूसाठी उघडतं त्यांनी मशीनचं तेल खुशाल चालू ठेवावं. पण त्याच पात्याने फळ चिरत असाल तर मी पॅराफिनच घ्या म्हणेन. बाटली मात्र पारखून घ्या: बद्धकोष्ठासाठी पॅराफिनचं दुधासारखं पांढरं मिश्रणही मिळतं, ते नको. पाण्यासारखं स्वच्छ, नुसतं लिक्विड पॅराफिन मागा.