आठ महिने स्ट्रीट फायटर सिक्स: हाडोकेन निघायलंय, शोर्युकेन अजून मनाला येईल तवा

मागच्या दिवाळीत सेल लागला तवा ही मारामारीची गेम घेतली, आता जून सरत आला म्हणजे आठ महिने झालेच. ग्राफिक्स भारी आहेत, लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो, वर्ल्ड टूर मोड थोडा खेळून सोडून दिला, हे सगळं तुम्हाला कुठंबी वाचायला भेटंल. मला लिहायचंय ते स्पेशल मूव्हबद्दल (हाडोकेन म्हणजे हातातून फेकायचा ऊर्जेचा गोळा, शोर्युकेन म्हणजे वर उडी घेत मारलेला ठोसा), कारण आठातले पाच महिने तर माझे त्याच्यातच गेले.

आधी सांगतो, मी काय खेळाडू बिळाडू नाही. परभणीत लहानपणी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये एक रुपयाचं कॉईन टाकून मुस्तफा खेळायचो (खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, १९९३ ची, कॅपकॉमचीच, पण ते नाव घेतलं असतं तर पार्लरवाल्यानं बाहेरच काढलं असतं). त्यात दोन्ही बटणं सोबत दाबली की स्पेशल निघायचा अन् आपलीच लाईफ थोडी कमी व्हायची, म्हणून चौघं अंगावर आले तरच मारायचा, उगं नाही. शेजारच्या मशीनवर किंग ऑफ फायटर्स ९७ असायची, तिथं मोठी पोरं दांडी अशी काय गरागरा फिरवायची की हातातून आग निघायची, अन् विचारलं, दादा कसं मारलं, तर म्हणायचे तू तुझं खेळ. ते गुपित मला पस्तिशीत कळायलंय.

तर या गेममध्ये दोन कंट्रोल आहेत, मॉडर्न अन् क्लासिक (तिसरा पण आहे, पण त्यात अर्धं काम गेमच करती, सोडा). मॉडर्नमध्ये एक बटण दाबलं की हाडोकेन, एक दिशा धरून तेच बटण दाबलं की शोर्युकेन. पहिला महिना मी मॉडर्नवरच काढला, लई खूश होतो. मग कळलं की असं एका बटणानं मारलेल्या स्पेशलचं डॅमेज २० टक्के कमी पडतं, अन् मॉडर्नमध्येच हातानं पूर्ण मोशन (ठरलेल्या क्रमानं दिशा दाबणं) केलं तर डॅमेज पूर्ण. म्हटलं २० टक्के कामून सोडायचे, अन् क्लासिकवर आलो. तिथून हाल सुरू.

मोशन आकड्यांत लिहितात, हाडोकेन म्हणजे २३६ अन् पंच. हे आकडे कीबोर्डच्या उजवीकडच्या नंबरपॅडचे, ५ म्हणजे मधोमध, अन् गड्याचं तोंड उजवीकडं आहे असं धरायचं. मी येड्यासारखं मोबाईलचा डायलपॅड समोर धरून शिकायलो होतो, त्याच्यात २ वर असतो, त्यामुळं दोन दिवस माझा गडी र्‍यू नुसता उड्या मारत होता. बरोबर वाचलं तर खाली, खाली-पुढं, पुढं, अन् पंच. शोर्युकेन ६२३, म्हणजे पुढं, खाली, खाली-पुढं. अन् समोरचा डोक्यावरून उडी मारून पलीकडं गेला की सगळं उलटं, हाताला हे कळायला दोन महिने लागले.

गेम सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) चालती अन् तुम्ही मागच्या थोड्या फ्रेममध्ये कोणत्या दिशा दाबल्या ते लक्षात ठेवती. बटण दाबलं की मागं बघती, या क्रमानं २, ३, ६ सापडतंय का? सापडलं तर स्पेशल, नाहीतर साधा पंच. लई लोकांची तक्रार असती, हाडोकेन मारायला जातो अन् शोर्युकेन निघतो, माझीबी होती. कारण सोपं आहे, तुम्ही पुढं चालत होता म्हणजे ६ आधीच दाबलेला, त्याच्यावर २३६ केलं की गेमला ६२३ पण दिसतो, अन् दोन्ही दिसले तर ती शोर्युकेनला आधी मान देती. चालून झाल्यावर दांडी सोडून क्षणभर थांबायचं, मग मारायचं. ते क्षणभर थांबणं भांडणात काय जमत नाही ही गोष्ट वेगळी.

पण आठ महिन्यात मला जे खरं पटलं ते हे की मोशन उगं त्रास द्यायला ठेवलेलं नाही, मुस्तफात लाईफ कटायची तसा हा त्या मूव्हचा भाव आहे. ब्लॉक करायला मागं धरावं लागतं, शोर्युकेनची सुरुवात पुढं दाबून होती, म्हणजे मारायचा तर ब्लॉक सोडावाच लागतो. गाईल नावाच्या गड्याचा सॉनिक बूम (हा पण फेकायचा मारा) बघा, मागं धरून बसायचं, चार्ज झाला की पुढं अन् पंच, म्हणजे फेकायचा असंल तर त्याआधी पुढं चालता येत नाही, गडी आपोआप बचाव करत बसतो. झांगीफ या पैलवान गड्याला पकडीसाठी ३६० गोल फिरवावं लागतं, त्यात वर पण येतं म्हणून उभ्या उभ्या मारायला गेलं की उडी लागती (पूर्ण गोल लागत नाही, पाऊण गोलात भागतं, हे मला फार उशिरा कळलं), पण एकदा पकडलं की समोरच्याचं कंबरडं मोडतं. अन् त्याच स्पेशलचा जास्त ताकदीचा प्रकार, ओव्हरड्राइव्ह, पाहिजे तर ड्राइव्ह नावाच्या पट्टीच्या ६ कांड्यांतल्या २ जातात, सगळ्या संपल्या की बर्नआउट, मग ब्लॉक केलेल्या स्पेशलनं पण लाईफ कटायली.

आता पॅडची (हातात धरायच्या कंट्रोलरची) कथा. १८०० रुपयांचा पॅड ऑनलाइन मागवला, नाव घेत नाही. हाडोकेन दहात चारदा निघायचा, मला वाटलं माझाच अंगठा जाड. अंगठ्याला फोड आला तरी तेच. मग ट्रेनिंगमध्ये इनपुट दाखवायचा पर्याय चालू केला तर दिसलं, २ येतो, ६ येतो, मधला ३ गायब! पॅडला तिरकं कळतच नव्हतं. वॉरंटीला फोन केला तर म्हणे तुम्ही जोरात दाबलं असंल. मग गेम आहे कशाची, बुद्धिबळ आहे का?

शेवटी कीबोर्डवर आलो अन् सुधारलो. खालची की दाबा, ती न सोडता पुढची दाबा, खालची सोडा, पंच, झाला हाडोकेन, तिरकं चुकायचा प्रश्नच नाही. फक्त स्वस्त कीबोर्डवर तीन-चार की सोबत दाबल्या की एखादी लागत नाही, घ्यायच्या आधी तपासा.

कॉम्बोचं, म्हणजे एकामागं एक जोडून मारलेल्या फटक्यांचं, थोडक्यात. खाली बसून मधली किक लागली की तिचा पाय मागं यायच्या आत २३६ पंच करायचं, किक कटून हाडोकेन निघतो, याला कॅन्सल म्हणतात. १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू मध्ये हे कॉम्बो ठरवून टाकलेलेच नव्हते, प्रोड्यूसर नोरिताका फुनामिझु गाडी फोडायच्या बोनस स्टेजचे बग तपासत होते तवा त्यांना एकामागं एक जास्तीचे फटके बसताना दिसले, अन् अवघड आहे तर राहू द्या म्हणून ठेवलं. त्या एका बगपायी माझं सोनं झालं अन् झोप गेली.

घ्यावी का? घ्या, पण मनगट अन् सबुरी असंल तर. ऑनलाइन बरं चालतं, लाईट टिकली तर. माझा भाचा सुट्टीला आला होता, बारा वर्षांचा, मॉडर्नवर खेळतो. मी उडी मारली की त्याचं एक बटण अन् शोर्युकेन माझ्या हनुवटीला, वर म्हणतो मामा तुम्ही एवढे बोटं कामून मोडायलात. २० टक्के कमी पडायलंय हे त्याला सांगून बघितलं, तो म्हणला पाचदा मारलं की भरून निघतं. सध्या मी त्याच्यासमोर उडी मारणं बंद केलंय.