लोकरीला लागणारी कसर आणि बाजारातले चार उपाय: ग्वाल्हेरच्या घरातला वर्षभराचा अनुभव

ग्वाल्हेरमध्ये डिसेंबर-जानेवारीचे धुके काही दिवस दुपारपर्यंत हटत नाही, त्यामुळे इथे लोकर ही हौसेची वस्तू नसून गरजेची आहे. लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत गरम कपड्यांसाठी पत्र्याची एक ट्रंक वेगळी ठेवलेली असते. आमच्या ट्रंकेत मुलांचे स्वेटर, एक जुनी घोंगडी आणि सासूबाईंची काश्मिरी शाल असते. ही शाल त्यांनी ग्वाल्हेरच्या मेळ्यातून घेतलेली आहे. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या काळात १९०५ साली सुरू झालेल्या या मेळ्यात आजही थंडीत शालींची दुकाने लागतात. गेल्या वर्षी नोव्हेंबरात ट्रंक उघडली तेव्हा याच शालीच्या मधल्या घडीवर सात भोके दिसली. त्या दिवशी सासूबाई काही बोलल्या नाहीत, शाल पुन्हा घडी करून मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्यानंतर वर्षभरात मी जे उपाय विकत आणून वापरले, त्यांचे हे परीक्षण आहे.

सुरुवातीला आम्हाला झुरळांचा संशय आला होता. पण घडी पूर्ण उलगडल्यावर आत पांढऱ्या रेशमी धाग्यांच्या बारीक नळ्या आणि शालीच्याच तांबड्या रंगाचे रवाळ कण सापडले. ते कण म्हणजे अळीची विष्ठा असते आणि खाल्लेल्या कापडाचा रंग तिच्यात उतरतो. कपड्यांना कसर लागली असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा एका लहान, फिकट सोनेरी पतंगाच्या अळ्यांचे हे काम असते. उडणारा पतंग स्वतः काहीच खात नाही. मादी चाळीस-पन्नास अंडी घालते आणि त्यांतून निघालेल्या अळ्या लोकर, केस, पिसे यांतले केराटिन हे प्रथिन पचवू शकतात, जे फार थोड्या प्राण्यांना साधते. या अळ्यांना अंधार आणि निवांतपणा हवा असतो. घाम, तेल किंवा अन्नाचा डाग असलेली जागा त्या आधी धरतात, म्हणून भोके पुष्कळदा गळ्याशी, काखेत आणि घडीच्या आत पडतात. ही माहिती हाती आल्यावरच कोणता उपाय कशासाठी घ्यायचा हे मला ठरवता आले.

सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय डांबरगोळ्यांचा. इथल्या दुकानात त्यांना ‘फिनाइल की गोली’ म्हणतात, पण फिनाइलशी त्यांचा संबंध नाही. त्या नॅफ्थलीनच्या असतात किंवा पॅराडायक्लोरोबेंझीनच्या. पाकिटावरचे नाव वाचून एकाच प्रकारच्या घ्याव्यात, कारण दोन्ही एकत्र ठेवल्यास त्या ओलसर होऊन कपड्यांवर डाग पाडू शकतात. शालीला भोके पडली त्या वर्षीही ट्रंकेत गोळ्या होत्याच, आणि याच गोष्टीने मला सर्वांत जास्त विचारात पाडले. कारण अगदी साधे निघाले. गोळीची वाफ बंद जागेत पुरेशी साठली तरच अळी मरते, आणि आमच्या ट्रंकेचे झाकण एका बाजूने वाकलेले होते. गोळ्या विरत राहिल्या, वास घरभर पसरला आणि ट्रंकेत जेवढी वाफ हवी तेवढी कधी साठलीच नाही. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते, तरीही मी गोळ्या तळाशी टाकत होते. यंदा मार्चमध्ये झाकण ठोकून सरळ करून घेतले, गोळ्या सुती पुरचुंडीत बांधून कपड्यांच्या वर ठेवल्या आणि झाकणाच्या कडेने रुंद चिकटपट्टी लावली. नोव्हेंबरात ट्रंक उघडली तेव्हा एकही भोक नव्हते.

तरीही डांबरगोळ्यांची शिफारस मी सरसकट करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थलीनला माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे. त्याहून निकडीचा धोका तान्ह्या बाळांना असतो. ज्या बाळांत जी-६-पी-डी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते, त्यांना गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांच्या आणि कुंच्यांच्या वाफेनेही तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बारशासाठी आजीच्या ट्रंकेतून काढलेले झबले बाळाच्या अंगावर थेट कधीही घालू नये. पांढऱ्या गोळ्या लहान मुलांना पेपरमिंटसारख्या दिसतात, तेव्हा त्या उघड्यावर तर मुळीच ठेवू नयेत. आमच्या घरात तान्हे किंवा अगदी लहान मूल असते, तर मी हा उपाय वापरलाच नसता.

दुसरा उपाय देवदाराच्या लाकडी वड्यांचा. बारा वड्यांना साडेचारशे रुपये पडले. त्यांचा वास मनाला प्रसन्न करतो आणि कपाट उघडताना बरे वाटते, पण संरक्षण म्हणून त्या मला महाग वाटल्या. या जातीच्या लाकडातील तेल अगदी लहान अळ्यांना मारक ठरते, परंतु मोठ्या अळ्यांवर ते फारसे चालत नाही. काही महिन्यांत वरचे तेल उडून जाते आणि मग लाकूड पॉलिश पेपरने घासून ताजे करावे लागते. मी वड्या मुलांच्या स्वेटरांच्या कपाटात ठेवल्या होत्या आणि त्यांतल्या एका स्वेटरच्या गळपट्टीला भोक पडलेच. प्रामाणिकपणे सांगायचे, तर तो स्वेटर मार्चच्या शेवटच्या थंडीत एकदा घालून न धुताच आत गेला होता. म्हणून सगळा दोष वड्यांना देता येत नाही, पण माझी ती चूक त्या भरून काढू शकल्या नाहीत, एवढे नक्की. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला यांच्या बाबतीतही माझे मत हेच आहे. स्वच्छ कपड्यांत ते जरूर ठेवावेत, पण केवळ त्यांच्या भरवशावर राहू नये.

हवा काढून बंद करायच्या पिशव्यांनी माझे सर्वाधिक समाधान केले. पाचांच्या संचाला सहाशे रुपये लागले आणि घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढून घेता आली. पाचांपैकी दोन पिशव्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा फुगल्या, ही त्यांच्या झडपेची उणीव आहे. मात्र हवा शिरली तरी चेन घट्ट बंद असल्यामुळे आत पतंग शिरू शकला नाही आणि मुख्य काम तेवढेच असते. घरगुती पिशवीतील निर्वातामुळे आधीच घातलेली अंडी मरत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे. कपडा धुऊन आणि पूर्ण वाळवूनच आत जायला हवा, नाहीतर जुलैच्या दमटपणात बुरशी येते. जाड स्वेटर या पिशव्यांत उत्तम राहतात, पण तलम शाल मी दाबून ठेवणार नाही. महिनोन्महिने दबलेल्या लोकरीचा फुगीरपणा कमी होतो आणि घड्यांच्या खुणा जात नाहीत. शालीसाठी नुसती घट्ट चेनची पिशवी, आत जुन्या धोतराचे मऊ कापड आणि हवा न काढता बंद करणे, ही पद्धत मला योग्य वाटली.

अंडी आणि अळ्या मारण्याचे काम ग्वाल्हेरचे ऊन किंवा घरातला फ्रीझर करू शकतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा स्वेटर काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गच्चीवर ठेवले आणि आतला तापमापक ५५ अंशांवर गेल्यावर तिथून पुढे काही तास ते तसेच राहू दिले. एवढ्या उष्णतेत कसरीची कुठलीच अवस्था तग धरत नाही. जरीचे आणि रंग उतरण्याची भीती असलेले कपडे असे तापवू नयेत. शालीसाठी मी फ्रीझर वापरला: घट्ट बांधलेल्या पिशवीत, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडली नाही, म्हणजे बाहेरची वाफ थंड लोकरीवर साचून ती ओली होत नाही. नंतर शाल रफूगराकडे दिली. सातपैकी पाच भोके आता शोधूनही सापडत नाहीत. त्याने हे काम मन लावून केले आणि मागितलेली मजुरी मला रास्त वाटली.

शेवटची वस्तू मी केवळ उत्सुकतेपोटी मागवली होती आणि तिनेच मूळ दाखवून दिले. कसरीच्या पतंगांसाठी पुठ्ठ्याचा त्रिकोणी चिकट सापळा मिळतो. त्यात मादीच्या गंधासारखा गंध असलेली वडी असते आणि ती साधारण तीन महिने टिकते. तिच्याकडे फक्त नर आकर्षित होतात, म्हणून सापळ्याने कसर संपत नाही, पण ती घरात कुठे आहे याचा माग लागतो. जुलैमध्ये मी असे दोन सापळे लावले. कपड्यांच्या खोलीतला कोरा राहिला आणि बैठकीतल्या सापळ्यात आठवडाभरात चार पतंग अडकले. बैठकीत लोकरीचे कपडे नाहीत. दिवाणाखालचा गालिचा उलटून पाहिला, तोही स्वच्छ होता. मग सासूबाईंनाच आठवले की सासऱ्यांची हार्मोनियम कित्येक वर्षांत कोणी उघडलेली नाही. झाकण काढले तेव्हा पट्ट्यांखालची बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, जागोजागी खाल्लेली होती आणि कोपऱ्यात त्याच पांढऱ्या नळ्या होत्या. ट्रंकेतली कसर तिथूनच आली असावी, असे मला वाटते.

हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याने जुनी बनात पूर्ण काढून टाकली, आतली धूळ आणि जाळी साफ केली आणि नवी बनात लावून दिली. ऑगस्टपासून सासूबाई रोज संध्याकाळी तिचे झाकण उघडतात. नवा सापळा तिच्या मागेच ठेवला आहे आणि आज, नोव्हेंबरअखेर, तो रिकामा आहे.