बॉन्डचे 22 चित्रपट, एक खोके आणि क्रमाचा वाद

जेम्स बॉन्डच्या पडद्यावरील पदार्पणाला 50 वर्षे झाली त्या निमित्ताने 2012 साली ‘बॉन्ड 50’ या नावाचा ब्लू-रे संच बाजारात आला होता. जुन्या डिस्क विकणाऱ्या एका दुकानात तो मला गेल्या वर्षी मिळाला आणि त्यानंतर जवळजवळ सहा महिने आमच्या घरातील प्रत्येक शनिवार त्याने व्यापला. 1962 च्या ‘डॉक्टर नो’पासून 2008 च्या ‘क्वांटम ऑफ सोलेस’पर्यंतचे 22 चित्रपट आणि पूरक माहितीची एक वेगळी डिस्क असा हा 23 डिस्कचा ऐवज आहे. त्याच वर्षी येऊ घातलेल्या ‘स्कायफॉल’साठी त्यात एक जागा मुद्दाम रिकामी सोडलेली होती. चित्रपट प्रदर्शनाच्या क्रमाने लावलेले आहेत. आमच्याकडे वाद पेटला तो याच क्रमावरून, आणि या परीक्षणाचा बराचसा भागही त्याच वादाने व्यापलेला आहे, कारण हा संच विकत घेणाऱ्या कोणालाही पहिल्याच संध्याकाळी तोच प्रश्न पडणार आहे.

प्रेक्षकवर्गाची ओळख करून देणे आवश्यक आहे. या चित्रपटांत बॉन्ड झालेले नट बदलत गेले आहेत, आणि घरात प्रत्येकाचा नट वेगळा आहे. माझे वडील शॉन कॉनरीचे निष्ठावंत. त्यांच्या मते 1971 नंतर बॉन्ड झालाच नाही. माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, तो रॉजर मूरचा भक्त. माझी भाची कॉलेजात शिकते. तिने डॅनिएल क्रेगपासून सुरुवात केली असल्याने तिला इतर सर्व जण नाटकी वाटतात. मी स्वतः टिमथी डाल्टनच्या बाजूची आहे, आणि त्यामुळे घरात माझ्या मताला फारशी किंमत नाही.

आधी वस्तूविषयी. चित्रांच्या दर्जाबाबत या संचाने बहुतांशी निराश केले नाही. जुन्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हवर लॉरी डिजिटल या संस्थेने एकेक चौकट स्वच्छ करण्याचे काम आधीच केलेले होते, आणि त्याचे फळ ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मध्ये दिसते: इस्तंबूलच्या भूमिगत जलाशयातील अंधारातसुद्धा खांब वेगवेगळे मोजता येतात. नऊ चित्रपट या संचातच प्रथम ब्लू-रेवर आले. त्यांपैकी ‘गोल्डनआय’ मात्र मला खटकला, कारण पडद्यावरील कण पुसण्याच्या हव्यासात पिअर्स ब्रॉस्ननचा चेहरा मेणाचा झाल्यासारखा दिसतो. परदेशातून आलेला संच घेणाऱ्यांनी आपल्या प्लेअरवर तो चालेल की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. ब्लू-रेच्या तीन विभागांपैकी भारत ‘सी’ विभागात मोडतो आणि दुसऱ्या विभागापुरती मर्यादित डिस्क आपल्याकडे मुकाट्याने बाहेर येते. माझ्या संचातील ‘ऑक्टोपसी’च्या डिस्कवर ओरखडा होता आणि नेमका उदयपूरमधील पाठलाग तीन वेळा अडकला. दुकानदाराने डिस्क पुसून परत दिली, एवढीच त्याची मदत झाली.

त्या पाठलागाबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाणे मराठी प्रेक्षकाला जमणार नाही. 1983 च्या या चित्रपटात रॉजर मूर उदयपूरच्या गल्ल्यांतून ऑटोरिक्षातून पळतो, विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंडांना झोडतो, आणि वाटेत तलवार गिळणारा, निखाऱ्यांवरून चालणारा व खिळ्यांच्या अंथरुणावर पडलेला असे सगळे एकाच रस्त्यावर, जणू ठरवून, भेटतात. जुगारात जिंकलेल्या नोटा सहकाऱ्याच्या हाती देताना बॉन्ड त्याच्या काही आठवड्यांच्या ‘करी’ची सोय झाल्याचा विनोद करतो, तेव्हा भाचीने रिमोट उचलला होता. दादाने तो हळूच काढून घेतला आणि कबीर बेदी विमानाच्या पाठीवर चढेपर्यंत परत केला नाही.

आता क्रमाविषयी. बॉन्डचे चित्रपट कसेही पाहिले तरी चालतात, असे सर्रास म्हटले जाते आणि ते पुष्कळसे खरेही आहे. ‘मूनरेकर’ पाहण्यासाठी आधी काही पाहावे लागत नाही. किंबहुना ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’च्या शेवटी ‘फॉर युअर आइज ओन्ली’मध्ये बॉन्ड परत येईल अशी पाटी झळकते, आणि प्रत्यक्षात 1979 साली ‘मूनरेकर’च आला. निर्मात्यांनाच स्वतःचा क्रम पाळावासा वाटला नाही, तर प्रेक्षकाने तो का पाळावा? तरीही सहा महिन्यांनंतर माझे मत असे झाले आहे की, या 22 चित्रपटांत एक गाठ आहे आणि ती गाठ ज्या क्रमाने सुटते, तोच क्रम पाळण्यासारखा आहे. ती गाठ म्हणजे 1969 चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’.

जॉर्ज लेझनबी या ऑस्ट्रेलियन मॉडेलने बॉन्डची भूमिका केली ती या एकाच चित्रपटात. त्यामुळे घाईत असलेले प्रेक्षक नेमका हाच वगळतात. वडिलांनीही तो आजवर वगळलेला होता. वस्तुतः या संचातील सर्वांत उत्तम चित्रपट हाच आहे, असे मी जबाबदारीने म्हणेन. दिग्दर्शक पीटर हंट हे आधीच्या बॉन्डपटांचे संकलक होते, आणि बर्फावरील पाठलागांत तो हात जाणवतो. डायना रिगची ट्रेसी ही बॉन्डच्या तोडीस तोड ठरणारी बाई आहे. दोघांचे लग्न होते. कचेरीतील सचिव मनीपेनीकडे बॉन्ड आपली हॅट फेकतो, ती झेलताना मनीपेनी झालेल्या लोइस मॅक्सवेलचे डोळे भरून आलेले असतात. आणि काही मिनिटांतच रस्त्याच्या कडेला थांबलेल्या मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव होतो. विचारपूस करायला आलेल्या पोलिसाला बॉन्ड सांगतो की, काही झालेले नाही, ती फक्त विसावली आहे. काचेला पडलेल्या भोकावर चित्रपट संपतो. आमच्या बैठकीच्या खोलीत त्या रात्री कोणी दिवा लावायला उठले नाही.

पुढच्या शनिवारी मात्र रणधुमाळी माजली. क्रमाने पाहायचे तर ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ची पाळी होती, ज्यात कॉनरी परत येतो आणि सुरुवातीलाच ट्रेसीच्या खुनामागच्या ब्लोफेल्ड या खलनायकाच्या शोधात जगभर माणसांना बदडत फिरतो. पण ट्रेसीचे नावही तो घेत नाही. चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नाही. यावर वडिलांचे उत्तर तयार होते. ते म्हणाले, “बायको लेझनबीची मेली, कॉनरीची नव्हे. त्याने का रडावे?” दादाने विचारले, “मग काका, तिच्या थडग्यावर फुले घेऊन रॉजर मूर का जातो?”

प्रश्न हाच आहे की, बॉन्ड हा एकच माणूस आहे की त्या नावाखाली येणारे निरनिराळे हेर आहेत. भाचीने दुसऱ्या पक्षाची बाजू मांडली आणि पुरावा म्हणून लेझनबीचे पहिले दृश्य दाखवले, ज्यात हातची बाई निसटून गेल्यावर तो प्रेक्षकांकडे पाहून म्हणतो की, त्या दुसऱ्या गड्याबरोबर असे कधी झाले नव्हते. पुरावा चांगला होता. परंतु त्याच चित्रपटात राजीनामा देऊन टेबलाचे खण आवरताना तोच लेझनबी ‘डॉक्टर नो’मधील नायिका हनीचा सुरा, ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधील गळफासाचे घड्याळ आणि ‘थंडरबॉल’मधील पाण्याखाली श्वास घेण्याचे छोटे यंत्र बाहेर काढतो, आणि पार्श्वभूमीला त्या त्या चित्रपटाचे संगीत वाजते. आठवणी कॉनरीच्या, हात लेझनबीचे. उलट, आधीच्या, जपानमध्ये घडणाऱ्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये बॉन्डला समोरासमोर भेटलेला ब्लोफेल्ड येथे चष्मा घातलेल्या बॉन्डला ओळखत नाही. त्याचे कारण असे की, मूळ कादंबऱ्यांचा क्रम उलटा होता: लग्नाची कादंबरी 1963 ची, जपानची 1964 ची. पटकथा कादंबरीशी प्रामाणिक राहिली आणि स्वतःच्या आधीच्या चित्रपटाशी बेइमान झाली.

म्हणून माझी शिफारस अशी आहे. ‘डॉक्टर नो’, ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ आणि ‘गोल्डफिंगर’ हे तिन्ही ओळीने पाहावेत. ‘थंडरबॉल’मधील पाण्याखालील लढाया लांबल्या आहेत, तरी सुट्टीच्या दुपारी तो खपून जातो. त्यानंतर जपानचा, मग लेझनबीचा. आणि तेथून कॉनरीच्या पुनरागमनाकडे न जाता एकदम 1981 च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’वर उडी घ्यावी. पहिल्याच दृश्यात रॉजर मूर दफनभूमीत फुले घेऊन येतो. येथे चित्र थांबवावे, कारण ब्लू-रेवर दगडावरची अक्षरे स्वच्छ वाचता येतात: टेरेसा (म्हणजेच ट्रेसी) बॉन्ड, 1943–1969, जेम्स बॉन्डची प्रिय पत्नी, आणि त्याखाली, आपल्याजवळ जगातला सगळा वेळ आहे, हे लुई आर्मस्ट्राँगने लेझनबीच्या चित्रपटात गायलेल्या गाण्याचे शब्द. मूरसारखा सदा भुवई उंचावणारा नट त्या दगडापुढे काहीही करत नाही, फक्त उभा राहतो. पुढील पाच मिनिटांत मात्र हेलिकॉप्टर, चाकांच्या खुर्चीतील एक टकला खलनायक आणि कारखान्याचे धुराडे अशी वरात निघते. हक्कांच्या भांडणामुळे त्या टकल्याला ब्लोफेल्ड हे नावही देता आले नव्हते. शोकाला इतक्या तातडीने हास्याला वाट करून द्यावी लागावी, याचा मला अजून राग आहे. दादाच्या मते हीच मूरची खासियत.

मूरचे उरलेले चित्रपट त्यानंतर कोणत्याही क्रमाने पाहिल्यास बिघडत नाही. ‘अ व्ह्यू टु अ किल’ वगळला तरी चालेल. 57 वर्षांच्या मूरला जिने चढताना पाहून आपल्यालाच धाप लागते. ब्रॉस्ननचे चार प्रदर्शनाच्या क्रमानेच उतरते होत जातात, त्यामुळे जेथे कंटाळा येईल तेथे थांबावे. क्रेगच्या दोन्हींना मात्र नियम लागू आहे: ‘कसिनो रॉयाल’ संपल्यानंतर तासाभराच्या आतील घटनेपासून ‘क्वांटम ऑफ सोलेस’ सुरू होतो, तेव्हा 144 आणि 106 मिनिटांचे हे दोन भाग एकाच रात्री, मध्ये फक्त चहा घेऊन, पाहावेत. स्वतंत्रपणे पाहिलेला ‘क्वांटम’ तुटक वाटतो. येथे बॉन्डचा प्रवास पहिल्यापासून सुरू होत असला तरी ब्रॉस्ननच्या काळातली ज्युडी डेंचच ‘एम’च्या, म्हणजे बॉन्डच्या वरिष्ठाच्या, खुर्चीत कशी, या प्रश्नावर भाचीलाही उत्तर सुचले नाही.

आम्ही सर्वांत शेवटी डाल्टनचा ‘लायसन्स टु किल’ ठेवला होता, तोही केवळ माझ्या आग्रहाखातर. 1989 चा हा चित्रपट मित्राच्या लग्नाने उघडतो. नववधू थट्टेने आपला मोज्याचा पट्टा बॉन्डकडे फेकते, पुढची पाळी त्याची म्हणून; तो कसनुसा हसतो आणि निघून जातो; आणि नवरा तिला हलक्या आवाजात सांगतो की, त्याचे एकदा लग्न झाले होते, फार वर्षांपूर्वी. मी काहीच बोलले नव्हते. वडिलांनी स्वतःहून रिमोट मागितला आणि दृश्य मागे नेले.

“वीस वर्षे झाली,” ते म्हणाले, “तरी चेहरा उतरला बिचाऱ्याचा.”

“कोणाची बायको हो, काका?” दादाने विचारले.