दरवाजे गप्प झाले, टायर नाही

"साहेब, काम झाल्यावर गाडी ऑडी वाटेल," असं गाडीच्या पत्र्याला आतून आवाज दाबणारी शीट चिकटवून देणाऱ्या जळगावच्या दुकानाचे मालक म्हणाले होते. तशी काही वाटत नाही. पण जे करून घेतलं त्याचे पैसे वसूल झाले, आणि जे करून घेतलं नाही त्याचे वाचले.

माझी गाडी म्हणजे छोटी हॅचबॅक, पेट्रोल आणि सीएनजी. पत्रा हलका, त्यामुळे ऐंशीच्या पुढे गेलं की मागच्या चाकांचा घूं आवाज थेट डोक्यात बसतो. मला त्याची सवय झाली होती. अडचण आप्पांची, म्हणजे वडिलांची. त्यांना कानाचं मशीन आहे, तपासणीला छत्रपती संभाजीनगरला न्यावं लागतं, आणि चोपड्याहून निघालं की परत येईपर्यंत गाडीत एकच वाक्य चालतं : "काय म्हनस रे?" घुमणारा जाड आवाज माणसाच्या बोलण्यावर बसतो आणि शब्द झाकून टाकतो. मशीन बोलणं मोठं करतं, तसा तो घूं आवाजही मोठा करतं. म्हणून हे काम काढलं. गाण्यांसाठी किंवा स्पीकरसाठी नाही.

दुकान अजिंठा चौफुलीच्या बाजूला, सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीमवाल्यांच्या रांगेत. मालकांनी पूर्ण गाडीचं पॅकेज सांगितलं ३२,००० : दरवाजे, फ्लोअर, छत, बोनेट, डिकी. मी चार दरवाजे, डिकीचा दरवाजा आणि मागच्या चाकांच्या कमानी आतून, एवढंच घेतलं. १३,५०० झाले, शिवाय दरवाज्यांना जास्तीचं बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, १,२०० ला. फ्लोअर नको म्हणालो, कारण त्यासाठी पुढच्या सीटा काढाव्या लागतात आणि सीटखाली एअरबॅगच्या यंत्रणेचे पिवळे कनेक्टर असतात. बॅटरी न काढता ते ओढले तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा वस्तीला येऊ शकतो. डिकीच्या तळाला सीएनजीची टाकी आहे. "टाकीला आम्ही हात लावत नाही," असं कारागिराने स्वतःहून सांगितलं. दुकानावर माझा विश्वास बसला तो या वाक्याने, ऑडीच्या नाही.

आता माल. आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. स्वस्तातली शीट डांबराची असते. ती उन्हात मऊ पडते, वास मारते, उभ्या पत्र्यावरून घसरते. ब्युटाइल रबराची शीट महाग असते, पण उन्हात टिकते. तिला वरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल असते आणि ती फक्त दिसायला नसते. पत्रा थरथरतो तेव्हा मधलं रबर पत्रा आणि फॉइल यांच्यामध्ये ताणलं जातं आणि थरथरीची ऊर्जा तिथेच उष्णता होऊन जिरते. वरची फॉइल पातळ असली की हा खेळ अर्धा राहतो. मालकांच्या काउंटरवर दोन्ही प्रकार होते. मी तुकडा हातात घेऊन वास घेतला. डांबराचा लगेच कळतो.

काम पाहण्यासारखं होतं. कारागीर पंचविशीतला पोऱ्या, तोंडात शब्द नाही. दरवाज्याचं पॅड काढलं, क्लिपा एका डबीत नीट ठेवल्या, पाणी अडवणारा प्लास्टिकचा पडदा न फाडता सोलला, बाहेरचा पत्रा थिनरने पुसला आणि शीटचे तुकडे रोलरने दाबत बसला. फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायचं, नाहीतर खाली हवा राहते. मालक म्हणत होते पूर्ण पत्रा झाका. पोऱ्याने मात्र मधल्या भागावरच लावलं, आणि त्याचंच बरोबर होतं : पत्र्याची घणघण बसवायला पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी पुरतो. बाकी नुसतं वजन. दोन मिलिमीटरची शीट चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास भरते.

एक चूक सापडली. पहिल्यांदा गाडी धुतल्यावर मागचा डावा दरवाजा उघडताना आत पाणी खळखळलं. दरवाज्याच्या तळाला पाणी निघायला भोकं असतात, त्यातलं एक शीटखाली गेलं होतं. परत नेली, पोऱ्याने कटरने मोकळं केलं, पैसे घेतले नाहीत. पण हे पावसाळ्यापर्यंत राहिलं असतं तर दरवाजा आतून सडला असता. गाडी ताब्यात घेताना बाटलीभर पाणी काचेच्या कडेने ओता आणि खालून निघतंय का पाहा. हे दुकानाने स्वतः करायला हवं.

फरक काय पडला? दरवाजा लावला की आधी रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा वाजायचा, आता ठप्प एवढंच. ट्रक शेजारून गेला तर त्याचा आवाज लांब वाटतो. चाकाच्या कमानीत उडणारे खडे अजून वाजतात, पण टणटण नाही. अडावद-धानोऱ्याच्या बाजूला खडी वर आलेल्या डांबरावर साठच्या वेगाने मोबाइलचं आवाज मोजायचं अ‍ॅप आधी ७० डेसिबल दाखवायचं, आता ६७. मोबाइलचा आकडा तंतोतंत नसतो, पण तोच फोन, तीच जागा, काचा बंद, पंखा बंद, म्हणजे फरकापुरता चालतो. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, तेव्हा तीनमध्ये चमत्कार नाही. तरी या रस्त्यावर आप्पा आता मागच्या सीटवरून केळीच्या भावावर वाद घालतात. तेवढ्यासाठी मी काम पास करतो.

सिमेंटच्या रस्त्यावर मात्र शीट हरते. अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोडकडे लागलं की ऐंशीला आधी ७४ होतं, आता ७२. तिथला आवाज पत्र्याचा नाहीच. पकड राहावी म्हणून काँक्रीटवर आडव्या रेषा काढलेल्या असतात, त्यावर टायर शिट्टी मारतो. त्यात साधारण साडेचार मीटरवर जोड, म्हणजे ऐंशीच्या वेगाला सेकंदाला पाचेक टकटक. ही थरथर सस्पेन्शनमधून वर चढते, आणि टायरच्या आतली हवासुद्धा आपला स्वतंत्र सूर धरते. दरवाज्याला कितीही रबर चिकटवा, तिला फरक पडत नाही.

आणि आता जे मालक सांगणार नाहीत. त्याच सिमेंटवर वेग ऐंशीचा साठ केला की अ‍ॅप ६८ वर आलं. म्हणजे पावणेपंधरा हजारांनी दोन, आणि फुकटात चार! टायरचा आवाज वेगासोबत असाच चढतो. आप्पा सोबत असले की मी आता साठ-पासष्टलाच चालवतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

पैसे घालण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पंक्चरवाला विचारल्याशिवाय ४० मारतो आणि टायर दगड होतो. दुसरं बेअरिंग. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी केली आणि घूं आवाज बदलला, तर तो रस्त्याचा नाही, चाकाच्या बेअरिंगचा असण्याची शक्यता जास्त. टायर एकसारखे झिजले नसतील तर तेही गुरगुरतात. चाकांचं अलाइनमेंट आणि रोटेशन (टायरची अदलाबदल) काही शेकड्यांत होतं.

बीडिंगचे १,२०० मला पटले नाहीत. वाऱ्याची शीळ थोडी कमी झाली, पण दरवाजे आता जोरात ओढावे लागतात आणि आप्पांच्याने ते होत नाही. मागच्या दोन दरवाज्यांचं मी काढून टाकलं.

दुकानात जायचं तर सकाळी उघडताच जा, संध्याकाळ होतेच. शीटचा बॉक्स समोर फोडायला लावा, तुकड्याचा वास घ्या, बिलावर ब्युटाइल असं लिहून घ्या. आणि काम त्या न बोलणाऱ्या पोऱ्याच्याच हातून करून मागा.