टीव्हीओसी मीटर: रंगाच्या वासाला ठीक, रस्त्यावरच्या बेन्झीनला नाही

चवथीआधी घराला रंग दिला, खोली राहण्याजोगी कधी होईल, एवढंच बघायचं असेल तर ऑनलाइन मिळणारा हा दोन-तीन हजारांचा टीव्हीओसी मीटर, म्हणजे हवेत उडणाऱ्या सगळ्या सेंद्रिय रसायनांच्या वाफा एकत्र मोजणारा मीटर, जरूर घ्यावा. पणजीच्या अठरा जून रस्त्यावर उभं राहून हवेतलं बेन्झीन, म्हणजे पेट्रोलमधलं विषारी रसायन, मोजायचं असेल तर घेऊ नये.

आत टिन ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्याखाली हीटर. पेट्रोलची वाफ, थिनर, अत्तर, काहीही लागलं की थराचा विद्युतरोध बदलतो आणि पडद्यावर सगळ्यांचा मिळून एकच आकडा चढतो. काजूच्या हंगामात हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) भट्टीजवळ तो तसाच चढेल, सॅनिटायझर लावलेल्या हातातही. बेन्झीनची आपल्याकडची वार्षिक मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅममध्ये दाखवणाऱ्या या पडद्यावर जेमतेम 0.005. शेवटचा अंक तर नुसत्या झुळकीनेही तेवढा हलतो. खरं बेन्झीन कळायला शोषक नळीतून हवा ओढून ती नळी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे एकेक वायू वेगळा करून मोजणाऱ्या तपासणीला, द्यावी लागते.

नवा मीटर आधी एक-दोन दिवस चालू ठेवा. नंतर दर वेळी अंगणात दहा मिनिटं, मग खोलीत दहा मिनिटं, छातीच्या उंचीवर. दोन्ही आकडे लिहा आणि फरक बघा. पावसाळ्यात दमटपणानेच आकडा सरकतो, त्यामुळे कालच्या आकड्याशी आजचा ताडून बघण्यात अर्थ नाही, त्याच दिवसाच्या अंगणाशी ताडावा. बऱ्याच मॉडेलांत शून्य आपोआप ठरतं. मीटर रंगवलेल्या बंद खोलीतच पडून राहिला तर तो तीच हवा स्वच्छ धरतो आणि धोका असताना हिरवा दिवा दाखवतो. हा दोष सर्वांत वाईट. कार्बन डायऑक्साइडचा आकडाही बहुतेक वेळा याच सेन्सरवरून काढलेला अंदाज असतो, तो सोडून द्या.

दारांना ऑइल पेंट चालू असताना पाऊस आत आला तरी चालेल, पण समोरासमोरच्या खिडक्या उघड्याच ठेवा. थिनरची वाफ सगळ्यांत आधी रंगाऱ्याच्या छातीत जाते, त्याच्याकडे मीटर नसतो.

नव्या प्लायच्या कपाटासाठी घेत असाल तर प्लायच्या गोंदातून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूला वेगळा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. नसेल तर फॉर्मल्डिहाइडचा आकडाही टीव्हीओसीवरूनच काढलेला असतो.